मंगलाबाईनं उसवलेलं लुगडं

साकोलीत लोक माझ्या जिभेला भितात. भितात तर भिऊ द्या. बसस्टँडच्या रस्त्यावर बाईमाणसानं एकटीनं फॉल-पिकोचं दुकान चालवायचं, म्हणजे नाकावर माशी बसू देऊन भागत नाही. पण एका उन्हाळ्यात माझ्या दुकानात एक बाई येऊन बसली अन् तिच्यापुढे माझी मात्रा चालेना. तिचं नाव मंगलाबाई. तिच्याबद्दल मला कोणी विचारलं नाही तरी मी सांगतेच, तेव्हा तुम्हीही ऐका.

नव्याण्णव साली गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्यानंतर दहा-बारा वर्षांनी घडलेली ही गोष्ट. मंगलाबाई राहणारी वरठीची. तिचा नवरा यादोराव तिथल्या कारखान्यात सायकलनं जाता-येता म्हातारा झाला अन् रिटायर झाला. लेक प्रफुल्ल साकोलीच्या एका कचेरीत कारकून लागला होता, म्हणून दोघं उन्हाळाभर त्याच्याकडे राहायला आली. सून चांगली होती. इतकी चांगली की सासूला चुलीकडे फिरकू देईना. "आई, तुम्ही बसा," म्हणायची. आता जिनं सारा जन्म राबण्यात घालवला तिला "बसा" म्हणणं ही शिक्षाच झाली. दोन दिवस कशीबशी बसली अन् मग दोरा आणायचं निमित्त करून माझ्या दुकानात आली.

"बारीक पांढरा दाखवा," म्हणाली. मी दाखवला. "हा नाही." दुसरा दाखवला. "याले पीळ नाही." असं करता करता माझी अख्खी पेटी काउंटरवर उपडी झाली.

मी म्हटलं, "बाई, तुमाले दोरा पायजे का जावई पायजे?"

दुसरी असती तर फणकारून निघून गेली असती. ही हसली. "जावई तं कवाचा भेटला मले," म्हणाली, "दोराच नाही भेटून राहिला." अन् त्यातल्या त्यात बरा दोऱ्याचा गुंडा उचलून, तिथंच माझ्या बाकावर बसून, पिशवीतून क्रोशाची सुई काढून विणायला लागली. संध्याकाळपर्यंत उठली नाही. मीही उठ म्हटलं नाही, कारण तिच्या हाताकडे पाहता पाहता माझे तीन ब्लाउज तसेच राहिले होते.

आम्ही मूळचे मोहाडीकडचे कोष्टी. माझ्या बापाच्या घरी माग होता, कोशाची, म्हणजे टसर रेशमाची, लुगडी विणायचा. कापडातलं मला कळतं, हा माझा तोरा होता. पण क्रोशाची जाळी मी कधी अशी पाहिली नव्हती. तिला विचारलं, "कोणं शिकवलं तुमाले?"

तर म्हणे, नवीन लग्न होऊन वरठीला आली तेव्हा रेल्वे क्वार्टरजवळच्या नळावर एका गार्डसाहेबाची मद्रासी बायको भेटायची. तिला मराठी येईना, हिला तिची भाषा येईना. गुंडभर पाण्याचा नंबर लागेपर्यंत ती विणायची अन् ही पाहायची. एक दिवस त्या बाईनं हिच्या हातात सुई दिली. वर्षभरानं गार्डसाहेबाची बदली झाली, तोवर हिनं रेडिओचं झाकण विणून काढलं होतं. गंमत म्हणजे वर्षभर मैत्री केली पण एकमेकीला नाव विचारायचं राहूनच गेलं. सुई मात्र ती घेऊन गेली. मग यादोरावानं सायकलच्या चाकाची जुनी तार तोडली, कानशीनं घासली, टोकाला आकडा काढला अन् बायकोच्या हातात दिली. तेव्हापासून ती सायकलच्या तारेवरच विणते. नवरा असावा तर असा. आमच्या ह्यांनी मला मशीनमध्ये तेल घालून दिलं असेल तर शपथ.

दुसऱ्या दिवसापासून मी तिची खुर्ची दुकानाबाहेर लिंबाच्या सावलीत टाकली. मनात म्हटलं, बाया पाहायला थांबतील, चार गिऱ्हाईकं आत येतील. बाया थांबल्या खऱ्या. बसची वाट पाहणाऱ्या, बाजाराला आलेल्या, दवाखान्यातून परतलेल्या, सगळ्या तिच्याभोवती. आत मात्र कोणी येईना. मला सावलीसुद्धा उरली नाही. आठवडाभरात तिथं शाळाच भरायला लागली. यादोराव घरी बसून सायकलच्या तारा घासून सुया बनवायचे अन् शिकणारीच्या हातात एकेक पडायची. "साखळी, खांब, साखळी, खांब," असा टाक्यांचा जप दुपारभर चालायचा. दिघोरीची कौशल्याबाई तर एसटीनं यायची. धानाची शेती असलेली, घरची बरी बाई, उन्हाळ्यात हाताला काम नाही म्हणून. तिचे खांब कधी सरळ उभे राहिले नाहीत, पण येण्यात खाडा नाही.

मंगलाबाईची शिकवायची रीत उलटी. हातभर सुंदर लेस विणायची, सगळ्यांना दाखवायची, अन् बाया "वा, वा" म्हणत असतानाच दोऱ्याचं टोक धरून सर्रकन ओढायची. सगळी लेस उसवून पुन्हा दोरा. बायांचा जीव वरखाली व्हायचा. ती म्हणायची, "ज्याले उसवता नाही येत, त्याले विणता नाही येत. चुकलं का आधी उसवा. चुकीवर चांगलं काम करू नका, थे टिकत नाही." हे तिचं ब्रह्मवाक्य. मला पटलं होतं. तेच पुढे आमच्या गळ्याशी आलं.

जुनी कापडं कशी यायला लागली, ते सांगते. कौशल्याबाईनं एकदा आपल्या आईचं कोशाचं लुगडं आणलं. करवती काठाचं, माझ्या माहेरच्या मागावर निघतं तसं. कसर लागून चाळणी झालेलं. मी म्हटलं, आता याच्या पिशव्या करा. मंगलाबाईनं मला नजरेनंच गप्प केलं. लुगड्याचं जे टोक नेसताना आत जातं, कोणाला दिसत नाही, तिथले धागे तिनं एकेक करून ओढून काढले अन् त्याच धाग्यांनी वरची भोकं भरली. रंग तोच, पीळ तोच, वय तेच. रफू कुठं आहे ते मला शोधून सापडेना, अन् मी कोष्ट्याची पोर. त्यानंतर गावातल्या पेट्या उघडल्या. कोणाची आजीची चोळी, कोणाचा बापाचा फेटा, कोणाची बाळंतपणातली दुपटी. माझ्या दुकानात कडुनिंबाच्या पाल्याचा वास सुटला. मी कुरकुर करायची, पण खरं सांगू का, सकाळी कुलूप उघडताना आज काय येतं म्हणून मलाच उत्सुकता असायची. त्या उन्हाळ्याइतकं मी आयुष्यात हसले नाही.

अशात एक दिवस खुशबू आली. तलावाकडच्या वस्तीतली पोरगी, भंडाऱ्याला नर्स. तिचं लग्न ठरलं होतं, वैशाखातच. तिनं मांडीवर गाठोडं सोडलं. आत पांढरं लुगडं होतं. पांढरं कसलं, पिवळं पडलेलं.

"मावशी, हे आमच्या आजीचं," ती म्हणाली. "छप्पन साली नागपूरले दीक्षा घेतली तेव्हा हेच नेसली होती. मी लग्नात हेच नेसणार. बाबा म्हणून राहिले नवीन पांढरी साडी घे. मले नवीन नाही पाहिजे."

मंगलाबाईनं आधी लुगड्याला हात जोडले, मग हात लावला. तिचे स्वतःचे आईबापही त्याच मैदानावर होते, ती आईच्या पोटात होती म्हणे. आजवर तिनं कुठल्या कामाला "करून देतो" असा शब्द आधी दिला नव्हता. त्या दिवशी दिला. "तू हेच नेसशील," म्हणाली. "माह्यावर सोड."

रिठ्याच्या पाण्यात तिनं ते तीनदा भिजवलं, सावलीत वाळवलं. पिवळेपणा गेला. बारीकसारीक भोकं भरली. राहिली फक्त मधली शिवण. लुगड्याच्या बरोबर मध्यावर, आडवी, जाड्याभरड्या दोऱ्याची, कुठं लांब टाका तर कुठं आखूड, मध्येच गाठ. जुन्या काळी लुगडं मधे विरलं की तेवढं कापून दोन तुकडे जोडत, त्याला दांड म्हणतात. गरिबाच्या घरी दांडाशिवाय लुगडं नव्हतं. आम्हाला वाटलं, हा मागाहून कोणीतरी घाईत घातलेला दांड.

"कोण्या आंधळ्यानं घातला बाप्पा," मी म्हटलं.

"चुकीवर चांगलं काम करू नये," मंगलाबाई म्हणाली अन् तिनं सुरीच्या टोकानं टाके उसवायला घेतले. दोरा हात लावला तसा भुगा झाला. शेवटचा टाका निघाला अन् लुगड्याचे दोन तुकडे झाले. मी एक उचलला, तिनं एक. मी बोटांनी कापड चोळलं, मग तिच्या हातातलं चोळलं. माझ्या हातातलं बारीक गिरणीचं होतं, तिच्या हातातलं जाडं, हातमागाचं. काठही वेगळे. ते लुगडं कधी एक नव्हतंच. ती दोन धोतरं होती, पुरुषांची.

म्हणजे ती शिवण मागाहूनची नव्हती. त्या दिवसाची होती. दीक्षेला जायचं म्हणून कोण्या बाईनं आपल्या हातानं घातलेली. ती आम्ही उसवली होती.

मंगलाबाई जमिनीवर वाकली. दोरा गोळा करायला गेली तर हाताला नुसती धूळ. जुन्या भोकांतून पुन्हा शिवावं म्हटलं तर तिथलं कापड इतकं विरलेलं की टाका धरेना. लग्न तोंडावर आलेलं. ती रडली. मी तिला रडताना कधी पाहिलं नव्हतं, मला काही सुचेना, अन् मला काही सुचलं नाही की मला राग येतो.

"रडता कायले?" मी म्हटलं. "दोन्हीकडून थोडं दुमडतो, मशीनवर टाकतो, पाच मिनिटात जोडून देतो. आजीले कमी दिसते, पोरीले माहीत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची."

"थे लुगडं नाही ललिताबाई," ती म्हणाली. "थ्या बाईची थ्या दिवसाची मेहनत हाय. मी मोडली. मीच सांगीन." अन् दोन्ही तुकडे पिशवीत घालून भर उन्हात निघाली. मला शटर ओढून तिच्यामागं जावं लागलं. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, नव्हता लागला अजून, पण डांबर चपलेला चिकटत होतं. रस्ताभर मी तिला बोल लावले अन् ती पुढं चालत राहिली.

खुशबूची आजी लीलाबाई पडवीत बाजेवर बसली होती. अंगानं काडी, पण आवाज खणखणीत. मंगलाबाईनं "जय भीम, आजी" म्हटलं, पायाशी बसली अन् एका दमात सगळं सांगून टाकलं. दोन्ही तुकडे तिच्या मांडीवर ठेवले. खुशबू दारात उभी होती, तिचा चेहरा पांढराफटक पडला.

लीलाबाईनं तुकडे चाचपले. शिवण होती तिथं बोट फिरवलं. मग हसायला लागली. तोंडात दात नाहीत, पण असं हसली की बाज करकरायला लागली.

"उसवला का वं थो दांड?" ती म्हणाली. "बरं केलं माय. साऱ्या जन्मात मले त्याची लाज वाटली."

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. लीलाबाई सांगायला लागली. "तवा मी नवी नवरी. घरी एक हिरवं लुगडं, एक लाल. सासरा म्हणे दीक्षेले पांढरंच पायजे. आता पांढरं कोठून आणू? तं एक धोतर त्याईचं, एक माह्या मालकाचं. भंडारा रोड टेसनावर गाडीची वाट पाहता पाहता मी थे जोडले. शिवता कोठी येत होतं मले? चार बायायनं आडोसा धरला अन् मी टेसनावरच नेसली. तं दांड नेमका समोर आला, मांडीवर. नागपुरात गेली, तं एवढ्या बाया, साऱ्या पांढऱ्याशुभ्र, अन् माह्या लुगड्याले हा असा वाकडातिकडा दांड. दिवसभर हात ठेवून झाकला मी. कोणी पाहीन म्हणून."

खुशबू म्हणाली, "आजी, तू तं कधी सांगतलं नाही."

"लाजेची गोष्ट कोणी सांगते का?" लीलाबाई म्हणाली. मग तिनं मंगलाबाईचा हात धरला. "तू मले असा दांड घालून दे का लोकायनं पहिले थोच पाहावा. लपवू नको."

मंगलाबाई उठली ती पन्नाशीची बाई वाटत नव्हती. परत येताना तिची पावलं अशी पडत होती की मला धाप लागली. आता ती बोलत होती अन् मी ऐकत होते.

दोन धोतरांच्या मधे ती क्रोशाची जाळी घालणार होती, वीतभर रुंदीची, पिंपळाच्या पानांची. कापडाच्या कडा विरलेल्या होत्या, म्हणून आधी दोन्हीकडे बारीक टाक्यांची किनार, अन् त्या किनारीतून जाळी उचलायची. जाळी ती एकटी करणार, पण पानं एकटीला वेळेत होणं शक्य नव्हतं. लिंबाखालच्या शाळेत तिनं सांगितलं, "प्रत्येकीनं एकेक पान. पण नीट."

मग जे झालं ते विचारू नका. एकीचं पान तळहाताएवढं, एकीचं चिंचेच्या पाल्याएवढं. एकीनं देठच विसरला. मंगलाबाई शांतपणे टोक धरायची अन् सर्रकन ओढायची. "पुन्हा." मी उन्हाळाभर सुईला हात लावला नव्हता, म्हटलं आपलं मशीन बरं. तिनं माझ्याही हातात सायकलची तार दिली. माझं पान तिनं इतक्यांदा उसवलं की मी तार फेकली, दोन शिव्या घातल्या अन् आत जाऊन बसले. ती आत आली. काउंटरवर तार ठेवली, वर पाण्याचा गिलास ठेवला अन् निघून गेली. मी पाणी प्याले अन् पान पुन्हा घेतलं. काय करता? शेवटी जमलं. किंचित डावीकडे झुकलेलं आहे, पण ते वारा आल्यासारखं दिसतं, असं माझं म्हणणं.

कौशल्याबाई दिघोरीहून आपलं पान घेऊन आली तर ते पांढरं नव्हतंच. घरी पांढरा दोरा संपला म्हणून तिनं आईच्या लुगड्यातून उरलेल्या कोशाच्या धाग्याचं केलं होतं, मधासारख्या रंगाचं. आता ही ओढणार, अशा तयारीनं आम्ही सगळ्या पाहत होतो. मंगलाबाईनं ते हातावर ठेवून पाहिलं, उलटून पाहिलं. खांब सगळे सरळ होते. "हे साऱ्यायच्या मधात लागन," म्हणाली. कौशल्याबाईनं डोळ्याला पदर लावला अन् घरून आणलेले मोहाचे लाडू सगळ्यांना वाटले.

लग्नाच्या आदल्या दिवशी जाळी जोडून झाली. लुगडं आम्ही दुकानात या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धरलं. इकडे एक धोतर, तिकडे एक धोतर, मधे पिंपळपानं अन् त्यांच्या मधोमध एक कोशाचं. मग एकीनं टाळी वाजवली अन् रस्त्यावरचे लोक आत डोकावले.

लग्नात खुशबूला नेसवताना आमची फजिती झाली. आजीनं सांगितलेलं, दांड दिसला पाहिजे. आम्ही निऱ्या वाढवल्या, कमी केल्या, तीनदा सोडलं. शेवटी जाळी बरोबर छातीवरून खांद्यावर गेली, पण पदर एवढा लांब उरला की डोक्यावरून घेऊन पुन्हा कमरेला खोचावा लागला. पोरगी मांडवात आली तेव्हा नवरदेवसुद्धा आधी जाळीकडेच पाहत होता. वंदना झाली, हार घातले, फुलं पडली, फोटो निघाले. बाया येऊन पदराला हात लावायच्या अन् विचारायच्या कोणं केलं. मंगलाबाई प्रत्येकीला म्हणायची, "आमी साऱ्यायनं." मी मात्र माझं पान दाखवत होते.

जेवणाच्या वेळी खुशबूनं रंगीत साडी नेसली. पंगतीत आलू-वांग्याची भाजी वाढत होते, तेवढ्यात लीलाबाईनं मला अन् मंगलाबाईला खोलीत बोलावलं. लुगडं तिच्या मांडीवर घडी केलेलं होतं.

"आता मले नेसवा," ती म्हणाली. "जुन्यावानी. काष्टा घालून."

आम्ही दोघींनी तिला उभं केलं. एवढीशी उरली होती बाई, लुगडं तिच्याभोवती फिरता फिरेना. नेसवून झालं अन् पाहिलं तर दांड नेमका समोर, मांडीवर. मंगलाबाई खाली बसून जाळी सारखी करायला लागली. लीलाबाईनं तिचा हात हळूच बाजूला केला.

"थ्या दिवशी," ती म्हणाली, "साऱ्या लोकायनं हात जोडले. लाखो लोकायनं. मी नाही जोडले. माहा एक हात इथी होता, दांडावर. एका हातानं दीक्षा घेतली मी."

भिंतीवर बुद्धाचा फोटो होता, हार घातलेला. लीलाबाई त्याच्याकडे वळली. तिचा उजवा हात सवयीनं मांडीकडे गेला, जाळीवर थोडा थांबला, अन् मग तिनं तो उचलला. दोन्ही हात छातीशी आणून जोडले अन् खणखणीत आवाजात सुरू केलं, "बुद्धं सरणं गच्छामि." बाहेरून कोणीतरी जेवायला हाका मारत होतं. मंगलाबाई खालीच बसून तिच्याबरोबर म्हणायला लागली. मला ते शब्द येत नाहीत. मी नुसते हात जोडले.